सुरी, विळी, कोयता, कात्री: घरी धार लावण्याच्या कामाच्या नोंदी

काम एवढंच: एका घरातल्या सगळ्या पात्यांना घरीच धार लावायची आणि त्यासाठी खरोखर काय लागतं ते वापरून पाहायचं. किमती पुण्यातल्या किरकोळ दुकानांतल्या आहेत. पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे यातलं बहुतेक सामान मिळतं. पाण्यावर चालणारा दगड तेवढा ऑनलाइन मागवावा लागला.

४ जानेवारी: पाहणी

ओट्यावर मांडलं ते असं: ८ इंची मोठी सुरी (जर्मन धाटणीचं स्टेनलेस, कठीणपणा साधारण ५६ रॉकवेल, म्हणजे पोलादाचा कठीणपणा मोजायच्या मापावर), भाजीच्या दोन पातळ स्टेनलेस सुऱ्या, टोमॅटोची दातेरी सुरी, एक जुनी लोखंडी सुरी, खवणीसकट विळी, नारळाचा कोयता, स्वयंपाकघरातली कात्री, शिवणकामाची कात्री, अडकित्ता.

बोटाने धार पाहण्यापेक्षा दिव्याखाली पाहावी. धार वर करून पातं डोळ्यांसमोर सरळ धरायचं आणि हळूहळू तिरपं करायचं. जिथे धार शाबूत आहे तिथे काहीच चमकत नाही. जिथे ती दबली आहे किंवा वळली आहे तिथे केसाएवढी पांढरी रेघ दिसते. मोठ्या सुरीवर मधले तीन इंच सलग चमकत होते, शिवाय अर्ध्या मिलिमीटरच्या दोन खाचा. मुठीलगतचा इंचभर भाग मात्र कारखान्यातून आला तसाच, कारण त्या भागाने कधी काही कापलेलंच नव्हतं. चमकणाऱ्या जागा पात्यावर मार्कर पेनाने खुणावून ठेवल्या. नंतर कुठे किती घासायचं ते यावरून कळतं.

दुसरी चाचणी बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीवर. पातं तिच्यावर तिरपं टेकवून वजन न देता सरकवायचं. रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही. वर्तमानपत्राचा कागद कापून पाहणार असाल तर एक ध्यानात ठेवा: तो एका दिशेने सहज फाटतो, दुसऱ्या दिशेने नाही. चाचणी त्या दुसऱ्या दिशेने घ्यायची. नाहीतर बोथट सुरीसुद्धा पास होते.

५ जानेवारी: ओढायचं यंत्र

२५० रुपयांचं, खाचेतून सुरी ओढायचं. आत कार्बाइडच्या दोन पट्ट्या एकमेकींना छेदून बसवलेल्या असतात. त्या धार घासत नाहीत, खरवडतात. भाजीच्या सुरीवर चार-पाच वेळा ओढल्यावर टोमॅटो सुरेख कापला गेला, आणि लोक फसतात ते इथेच. भिंगाखाली धारेवर वेडेवाकडे दाते उभे राहिलेले दिसले. दोन-तीन दिवसांच्या वापरात ते वळले आणि सुरी होती त्याहून वाईट झाली.

दुसरा दोष सावकाश दिसतो. मुठीलगतचा भाग खाचेत पूर्ण जात नाही, त्यामुळे वर्षभर वापरलं की त्याच्या पुढे खळगा पडतो. मग सुरीचा तेवढा भाग फळीला टेकतच नाही आणि कोथिंबीर माळेसारखी जोडलेली राहते. ६० रॉकवेलच्या आसपासच्या कठीण जपानी सुऱ्यांची धार अशा यंत्रात तुकड्या-तुकड्यांनी उडते. यंत्र बाद.

१० जानेवारी: खरेदी

दोन बाजूंचा काळा सिलिकॉन कार्बाइड दगड, ८ × २ × १ इंच: १९० रुपये. १०००/६००० चा पाण्याचा दगड: ११०० रुपये. ४०० ची डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली): ४५० रुपये. ८० नंबरची सिलिकॉन कार्बाइड पावडर, पाव किलो: ८० रुपये. वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) पी २४०, पी ४००, पी १००० आणि पी २०००, एकेक ताव: ८० रुपये. दोन चपट्या कानशी आणि एक छोटी त्रिकोणी, मिळून १८० रुपये. विळ्या-खुरप्यांना पाजवायचा, दोन्ही टोकांना निमुळता दगड: ७० रुपये.

दाण्याच्या नंबरांचा घोळ आधी निस्तरावा लागतो. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. पाण्याच्या दगडावरचा १००० हा जपानी मोजणीचा असतो, त्यात दाणा साधारण ११ ते १२ मायक्रॉनचा. वॉटर पेपरवर नंबराआधी ‘पी’ असतो. ती युरोपीय मोजणी, त्यात पी १००० म्हणजे १८ मायक्रॉन आणि पी २००० म्हणजे सुमारे १०. थोडक्यात, १००० च्या दगडाचं काम काचेवर चिकटवलेला पी २००० चा कागद करतो, पी १००० करत नाही. हार्डवेअरच्या काळ्या दगडावर नंबरच नसतो, नुसतं जाड आणि बारीक. त्यातली बारीक बाजू २४० च्या आसपासची असते. ती कोयत्याला पुरते, सुरीला शेवटचा हात म्हणून पुरत नाही.

न घेतलेल्या वस्तू: विजेवर चालणारं धार-यंत्र, आणि सुरी चिमटीत धरून दगड सळईवर फिरवणारी चौकट. चौकट सुरीला उत्तम आहे, पण विळी आणि कोयता तिच्यात बसत नाहीत. सुरीवर घासायची स्टीलची सळईही घेतली नाही. ती वळलेली धार सरळ करते, गेलेली धार परत आणत नाही.

११ जानेवारी: दगड सपाट करणं

नवा काळा दगड सपाट नसतो. त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून मागून उजेड पाहिला, तर दोन्ही टोकांना फट. दगडावर पेन्सिलीने चौकड्या आखल्या, उरलेल्या विट्रिफाइड टाइलवर चमचाभर पावडर आणि पाणी टाकलं आणि दगड आठच्या आकड्यात फिरवला. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. जाड बाजूला पाऊण तास गेला, बारीक बाजूला त्याच्या निम्मा. कडप्प्याच्या तुकड्यावर हे करू नये. कडप्पा मऊ, त्यामुळे दगडाआधी तोच झिजतो.

हेच काम डायमंड प्लेटवर लवकर होईल असं वाटतं. होतंही, पण एकदाच. जाड दाण्याचा सिलिकॉन कार्बाइड निकेलच्या थरात बसवलेले हिऱ्याचे कण उपटून काढतो. प्लेटचा एक कोपरा असा गुळगुळीत झाला, तो झालाच. पाण्याचा बारीक दगड सपाट करायला प्लेट चालते, तीही हलक्या हाताने आणि भरपूर पाण्याखाली.

दगडाच्या चारही कडा मात्र तिरप्या घासून बोथट केल्या. कोरी कड पात्यावर ओरखडा काढते.

१२ जानेवारी: तेल की पाणी

काळा दगड तेलावर चालतो आणि पाण्यावरही, पण एकदा तेल प्यायला की पाणी धरत नाही. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल लावून पाहिलं. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि पुण्यातल्या जानेवारीतल्या सकाळी दगडाच्या छिद्रांत त्याचा पांढरा थर बसला. सुरी दगडावरून नुसती घसरत राहिली. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं तेल गोठत नाही, पण काही दिवसांत चिकट होऊन दाणे बुजवतं. रॉकेल आणि नायलॉनच्या ब्रशने खरडून, मग भांड्यांच्या साबणाने धुऊन दगड मोकळा केला. त्यात आख्खी संध्याकाळ गेली. तेल वापरायचंच तर शिलाई मशीनचं पातळ तेल घ्यावं.

शेवटी पाणी आणि त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब, हे ठरलं. १००० ची बाजू १० ते १५ मिनिटं, म्हणजे बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायची. ६००० ची बाजू बुडवून ठेवायची नाही, वरून पाणी शिंपडलं की पुरे. दोन बाजूंचा दगड असल्याने पसरट ताटात अर्ध्या उंचीपर्यंत पाणी घेऊन १००० ची बाजू खाली ठेवली. काम झाल्यावर सावलीत वाळवायचा. उन्हात ठेवला तर तडे जातात.

१७ जानेवारी: मोठी सुरी

दगडाखाली ओला, पिळलेला पंचा. दगड हलत असेल तर कोन टिकत नाही, बाकी काहीही नीट करा.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. पात्याची धारेपासून पाठीपर्यंतची रुंदी मोजायची. पाठ दगडापासून रुंदीच्या चौथ्या भागाइतकी उचलली की कोन साधारण १५ अंश, तिसऱ्या भागाइतकी उचलली की २०. ही सुरी ४४ मिलिमीटर रुंद, म्हणजे १५ अंशांना ११ मिलिमीटर. नाण्यांची चळत ११ मिलिमीटर भरेल इतकी रचली, पाठ तिच्यावर टेकवून हाताला ती उंची कळू दिली आणि चळत काढून टाकली.

धारेच्या दोन्ही उतारांवर मार्कर फासला. दगडावरून दोन-तीन हात फिरवून पाहायचं. शाई फक्त वरच्या बाजूने, पाठीकडून गेली तर कोन कमी आहे, फक्त अगदी कडेची गेली तर जास्त. पूर्ण उतारावरची गेली तर बरोबर. पुढे दर थोड्या वेळाने पुन्हा शाई फासून पाहत राहावं, कारण टोकाकडे पातं वळतं तिथे मनगट आपोआप खाली जातं. तिथे मूठ थोडी उचलावी लागते. बहुतेक घरगुती सुऱ्यांचं टोक बोथट राहतं ते यामुळे.

सुरुवात १००० च्या बाजूने केली होती. खाचा असलेल्या सुरीवर हा वेळेचा निव्वळ अपव्यय ठरला. तासाभराने खाचा तशाच आणि १००० च्या दगडाला खळगा. मग काळ्या दगडाच्या बारीक बाजूवर आलो, आणि पंधरा-वीस मिनिटांत एका बाजूचं काम झालं. नवीन दगडाला लोक नावं ठेवतात त्यात निम्मी चूक जिथून सुरुवात केली त्या दाण्याची असते.

एक बाजू झाली हे कसं ओळखायचं? पलीकडच्या बाजूला तारेसारखी बारीक कड वळून येते. कारखान्यातले लोक तिला बर म्हणतात, इथेही तेच म्हणतो. बोटाचं पेर पाठीकडून धारेकडे आणि धारेबाहेर असं सरकवलं की ते अडखळतं. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवायचं नाही. बर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्ये इंचभर जरी लागली नाही, तरी तिथे दगड अजून धारेपर्यंत पोहोचलेला नाही. तिथे घासलं नाही आणि पुढच्या दाण्यावर गेलं, तर ६००० पर्यंत गेलात तरी तेवढा इंच बोथटच राहतो, फक्त चकाकतो.

बर आली की बाजू बदलायची, तेवढंच घासायचं, बर पुन्हा पहिल्या बाजूला आणायची. मग १००० वर तेच, पण दाब निम्मा. शेवटचे आठ-दहा हात एक इकडून, एक तिकडून, फक्त सुरीच्या वजनाने. वर्तमानपत्र आडव्या दिशेनेही सरळ कापलं गेलं. टोमॅटोच्या सालीवर सुरी नुसती ठेवून ओढली तरी रुतली.

६००० ची बाजू वापरून पाहिली. कागद आणखी मऊसूत कापला गेला, पण टोमॅटोच्या आणि ढोबळी मिरचीच्या सालीवर सुरी घसरायला लागली. १००० वर राहिलेली बारीक करकर सालीला धरते. भाजीच्या घरात ६००० ची गरज नाही. मासे कच्चे, पातळ कापणाऱ्यांनी घ्यावी.

१८ जानेवारी: पातळ सुऱ्या

या फुलासारख्या हलक्या, पोलाद मऊ. बर मिनिटभरात येते, ती जाण्याचं नाव घेत नाही. बाजू बदलली की पलीकडे वळते, पुन्हा बदलली की परत. तिला धार समजून थांबलं, तर पहिल्या कांद्यात ती दुमडते आणि ‘लावलेली धार टिकत नाही’ ही तक्रार तिथून सुरू होते.

उपाय तीन, आणि तिन्ही क्रमाने लागले. दाब जवळजवळ शून्य. हात फक्त धार पुढे ठेवून, दगडातून पातळ काप काढतोय अशा दिशेने. आणि शेवटचे दोन-तीन हात नेहमीपेक्षा चार-पाच अंश जास्त कोनात. नंतर सुकलेल्या मऊ लाकडाच्या कडेत धार एकदा हलकेच ओढली, तेव्हा उरलेली बर तुटून काळ्या धाग्यासारखी लाकडावर राहिली. या सुऱ्यांना १५ अंश टिकत नाहीत, २० ठेवावेत.

२४ जानेवारी: चामडं

दगडानंतर धारेला शेवटचा हात द्यायला घरातला जुना ‘लेदर’चा पट्टा फळीवर चिकटवला होता. तो रेक्झिन निघाला, पहिल्याच ओढीत वरचा पापुद्रा सोलला. चपला शिवणाऱ्या कारागिराकडून तळव्याच्या चामड्याचा अडीच इंच रुंद तुकडा घेतला, ६० रुपये. फळीवर खरबरीत बाजू वर ठेवून चिकटवला, वरून वजन ठेवून रात्रभर.

त्यावर हिरवा बफिंग साबण, ५० रुपयांची वडी. त्यात क्रोमियम ऑक्साइड असतं. थर जाड दिला तर गोळे होऊन धारेखाली येतात. चामड्यावर मशीनच्या तेलाचे दोन थेंब चोळून मग साबण खडूसारखा एकदाच फिरवला, रंग जेमतेम दिसेल इतका. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे ओढली जाणारी. दर बाजूला आठ-दहा हात पुरे. हाताच्या शेवटी पातं उचलताना मनगट वळवायचं नाही, सरळ वर उचलायचं. तिथे गोल फिरवलं की आदल्या दिवशी लावलेली धार गोल होते. चामडं दबतं म्हणून जोर लावला तरी हेच होतं.

चामडं नको असेल त्यांनी जीन्सचं जाड कापड फळीवर ताणून चिकटवावं. थोडं कमी, पण चालतं.

२५ जानेवारी: लोखंडी सुरी

सगळ्यांत सोपी. बर पटकन येते, पटकन जाते. धुतल्यावर लगेच पुसली नाही तर धारेवरच गंजाचे ठिपके पडतात आणि काम वाया जातं. चिंच, लिंबू, कोकम कापून तशीच ठेवली तर काळी पडते. काळेपणा घासून काढू नये, तो गंजापेक्षा बरा.

३१ जानेवारी: विळी

सुरीचं सगळं शिकलेलं इथे उलटं करावं लागतं. पातं पाटाला जखडलेलं, त्यामुळे पातं दगडावर नेता येत नाही, दगड पात्याकडे न्यावा लागतो. ज्या विळीचं पातं नट-बोल्टने बसवलेलं असतं तिचं काढून घ्यावं. ही रिव्हेटची, त्यामुळे आहे तशीच.

पाट टेबलाच्या कडेला दोन सी-क्लॅम्पनी आवळला. क्लॅम्प न लावता पायाखाली धरून धार लावायला जाऊ नका. भाजी चिरताना हात पात्याकडे येतो त्याची सवय असते, दगड हातात असताना ती सवय उपयोगी पडत नाही. बसायचं ते धारेसमोर नाही, पात्याच्या बाजूला. खवणीच्या दात्यांवर जुन्या पाण्याच्या पाइपचा चिरलेला तुकडा बसवला, कारण हात घसरला तर तो तिथे जातो.

८ इंची दगड इथे बोजड. निमुळता दगड घेतला आणि तो एका फूटभर लाकडी पट्टीवर इपॉक्सीने बसवला, म्हणजे बोटं धारेपासून दूर राहतात. दगड धारेकडून पाठीकडे जाईल असाच ओढायचा. हात धारेपासून लांब जातो, आणि बरही कमी येते. पात्याच्या सरळ भागात दगडाची चपटी बाजू, जिथे पातं आत वळतं तिथे दगडाची गोल कड. सपाट दगड त्या वळणात दोनच ठिकाणी टेकतो आणि मधे बोथट पट्टा राहतो. पहिल्या फेरीत शाई तिथेच राहिली होती.

बाजारातून विळी येते तेव्हा तिची धार ग्राइंडरवर काढलेली, खांदा, म्हणजे धारेलगतचा मागचा भाग, जाड. भोपळा किंवा सुरण कापताना जी ताकद लागते ती बोथट धारेमुळे कमी आणि या जाड खांद्यामुळे जास्त. म्हणून आधी स्मूथ (बारीक दात्यांच्या) कानशीने खांदा उतरवला, साधारण १० ते १२ अंशांत, धारेच्या मिलिमीटरभर अलीकडे थांबून. दोन्ही बाजू मिळून दीड तास. मग धार २० अंशांत दगडाने, आणि शेवटी पी १००० व पी २००० चा कागद छोट्या लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. कागदाला मात्र पाठीकडून धारेबाहेर अशीच दिशा द्यावी लागते, उलट केलं की पातं कागद चिरतं. इथे हात धारेकडे जातो, म्हणून जाड कातडी हातमोजा घालूनच. चामड्याची पट्टीही हातात धरूनच फिरवली.

खवणीच्या दात्यांना दगड लावू नये. दात्यांमधल्या खाचा छोट्या त्रिकोणी कानशीने, एकेका खाचेत सारखेच दोन-तीन हात. मागची बाजू घासली तर दाते आखूड होतात आणि नारळ खवण्याऐवजी घसरतो.

शेवटी पातं गरम पाण्याने धुऊन, पुसून, खोबरेलाचा हात. खोबरेल इथे उत्तम. दगडाचा काळा गाळ पात्याच्या मुळाशी पाटात साचतो, तो टूथब्रशने काढल्याशिवाय भाजी चिरायला घेऊ नये.

१ फेब्रुवारी: कोयता

गाडीच्या कमानपाट्यापासून लोहाराने घडवलेला. आधी कानस चालते का ते पाहायचं. कानस धातू काढत असेल तर पातं कानशीच्या कामाचं. नुसती घसरत असेल तर पातं कडक आहे, तिथे जाड दगड लागतो. हा कानशीला आला. १० इंची बास्टर्ड (जाडसर दात्यांची) कानस, नंतर स्मूथ. कानस फक्त पुढे ढकलताना कापते, मागे येताना उचलावी लागते. ओढत आणली की तिचेच दाते मरतात. दात्यांत खडू चोळला तर लोखंडाचा कीस अडकत नाही. अडकलेल्या किसाने पात्यावर खोल ओरखडे पडतात.

२० अंशांत धार लावली, पहिल्याच नारळाच्या करवंटीवर ती दुमडली. २५ ते ३० अंश ठेवल्यावर टिकली. काळ्या दगडाच्या बारीक बाजूवर थांबलो. पुढे जाण्यात अर्थ नाही.

मोठी खाच काढायला बेंच ग्राइंडर वापरून पाहिला. मिनिटाला २८०० फेरे, ६ इंची चाक, म्हणजे चाकाची कड सेकंदाला सुमारे २२ मीटर धावते. पातळ धारेत उष्णता जायला जागा नसते. क्षणभरात अर्धा इंच निळा झाला. निळा रंग म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि तिथला कडकपणा उतरला. पाण्यात बुडवून तो परत येत नाही, निळा भाग संपेपर्यंत कानशीने घासावाच लागतो. ग्राइंडर वापरायचा तर हातमोज्याशिवाय, पातं बोटाला कोमट लागलं की लगेच पाण्यात. मोठ्या खाचांसाठी सायकलवरच्या धारवाल्याकडे ३० रुपये देणं परवडतं. फक्त पातं मधे मधे ओलं करायला सांगावं आणि शेवटची धार घरी दगडावर लावावी.

७ फेब्रुवारी: कात्र्या, अडकित्ता

कात्रीचा स्क्रू काढून पाती वेगळी केली. रिव्हेट असेल तर नाद सोडावा. घासायचा तो फक्त बाहेरचा अरुंद उतार, आहे त्याच कोनात. शाई फासल्याशिवाय तो कोन सापडत नाही, कारण तो सुरीपेक्षा फारच उभा असतो. आतली बाजू किंचित पोकळ असते, म्हणूनच पाती एकाच बिंदूवर टेकत टेकत कापतात. ती दगडावर सपाट घासली की कात्री कापड चावते, कापत नाही. बर काढायला कात्री पुन्हा जोडून हळूच मिटली की पुरते.

स्क्रू किती आवळायचा: एक मूठ धरून दुसरी आडवी उघडायची आणि सोडायची. ती सावकाश पडत अर्ध्यावर अडली पाहिजे. धाडकन मिटली तर सैल. शिवणाची कात्री अर्ध्याहून जास्त यातच सुधारली, दगड नंतर.

अडकित्त्याला धार फक्त वरच्या पात्याला. ३० अंश, बारीक काळा दगड, संपलं.

८ फेब्रुवारी: दातेरी सुरी

दाते एकाच बाजूने कोरलेले असतात, त्याच बाजूने पी १००० चा कागद पेन्सिलीभोवती गुंडाळून प्रत्येक खोबणीत. दुसऱ्या बाजूला एक सपाट, हलका हात. १२० रुपयांच्या सुरीसाठी हा वेळ घालवण्यासारखा नाही.

१५ मार्च: तपासणी

मोठी सुरी अजून टोमॅटोची साल धरते, मधे मधे चामड्यावर फिरवणं सोडून काही केलेलं नाही. पातळ सुऱ्यांची धार मात्र दहा-बारा दिवसांतच गेली होती. त्या स्टीलच्या ताटात आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर फळं कापायला वापरल्या गेल्या, हे कारण. काचेचा कटिंग बोर्डही त्याच जातीचा. लाकूड किंवा प्लास्टिक, तिसरं काही नाही. आणि चिरलेली भाजी फळीवरून कढईत लोटायची ती पात्याच्या पाठीने.

या सुऱ्यांसाठी दर वेळी दगड काढण्याची गरज नाही. चिनी मातीचा कप उलटा केला की तळाला बिनचकाकीचं कडं असतं. त्यावर २० अंशांत दोन्ही बाजूंनी पाच-सहा हलके हात. काळी रेघ उठते तो निघालेला धातू, घासून धुतली की जाते.

विळीचं पातं पाटात शिरतं तिथे गंज आला आहे. पाणी तिथेच थांबतं. धुतल्यावर ती उताणी न ठेवता बाजूवर आडवी ठेवायला सुरुवात केली.

खर्च २५१० रुपये. त्यातले ओढायचं यंत्र, डायमंड प्लेट आणि पाण्याचा दगड यांचे १८०० रुपये वगळले तरी सगळी पाती चालली असती, १००० च्या जागी काचेवरचा पी २००० चा कागद वापरून. म्हणजे ७१० रुपये. नव्याने सुरू करणाऱ्याने एवढंच घ्यावं आणि एका स्वस्त सुरीवर मुठीपासून टोकापर्यंत सलग बर आणता आली की मग १००० च्या दगडाचा विचार करावा. कागद लवकर मरतो आणि काचेवरून सुटतो, दगड सोयीचा आहेच.

१००० च्या दगडाला मधे अर्धा मिलिमीटर खळगा दिसतो आहे, पुढच्या रविवारी सपाट करायचा. काळ्या दगडासाठी वापरलेली ८० ची पावडर त्यावर चालणार नाही. जाड दाणे मऊ दगडात रुतून बसतात आणि पुढे प्रत्येक सुरीवर ओरखडा काढतात. टाइलवर पी २४० चा कागद ओला करून चिकटवायचा आणि दगड नंतर वाहत्या पाण्याखाली ब्रशने धुवायचा.